30 सप्टेंबर : घराच्या कर्त्या पुरुषाची आठवण
1993. गणेशविसर्जन आटोपून गावं नुकतीच झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपानं किल्लारी परिसर हादरला. आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूरही ढिगारा झालं. लातूर-धाराशिव पट्ट्यात सुमारे 10 हजार माणसं गेली. त्यात किती घरांचे कर्ते पुरुष होते! लेकराबाळांना ऊन-थंडी बाधू नये म्हणून त्यांनी पै-पै जोडून दगड-मातीच्या जाडजूड भिंती रचल्या, वर माळवद घातलं, पावसाळ्याआधी त्यावर पुन्हा माती चढवली. तेच ओझं कोसळलं. बाजारातून येताना धोतराच्या सोग्यात लेकरांसाठी शेव-रेवड्या बांधून आणणारा बाप आकड्यांत सापडत नाही. ज्यांच्या घरी असा कोणी होता, त्यांनी आज नातवंडांना त्याचं नाव सांगावं.