गोंडस जनावरांचा बाजार

जनावर गोंडस दिसले की माणसाचा हात खिशाकडे जातो, हा शोध काही मोबाईलवाल्यांनी लावलेला नाही. १९०२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले होते. बरोबरच्या लोकांनी एक जखमी अस्वल झाडाला बांधून त्यांच्यापुढे ठेवले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. वर्तमानपत्रात त्याचे व्यंगचित्र आले. ब्रुकलिनमधल्या मॉरिस मिक्टम नावाच्या मिठाईवाल्याने कापडाचे अस्वल शिवून दुकानात मांडले आणि ‘टेडी बेअर’ जन्माला आला. खरे अस्वल मात्र वाचले नाही. त्याचे हाल संपवावेत म्हणून ते मारलेच गेले. पण चित्रकार क्लिफर्ड बेरीमन याने नंतरच्या चित्रांतून त्याला अधिकाधिक लहान, गोलमटोल, मोठ्या कानांचे पिल्लू करून टाकले. लोकांनी विकत घेतले ते हे पिल्लू!

असे का होते, याचे एक उत्तर कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये दिले. शरीराच्या मानाने मोठे डोके, मोठे कपाळ, खाली आलेले टपोरे डोळे, फुगरे गाल, आखूड हातपाय ही तान्ह्या बाळाची खूण. ती कुठेही दिसली की मोठ्या माणसात सांभाळण्याची वृत्ती जागी होते, मग समोर बाळ असो, कुत्र्याचे पिल्लू असो की कागदावर काढलेली चार वर्तुळे. पुढे १९७९ साली स्टीफन जे गूल्ड याने मिकी माऊसची जुनीनवी चित्रे मोजून दाखवले की पन्नास वर्षांत उंदीरमामांचे डोके आणि डोळे वाढतच गेले. म्हणजे वय वाढले तसे ते लहान होत गेले. हे भाग्य आपल्या वाट्याला नाही.

आता मोबाईलच्या खेळांकडे येऊ. मोबाईलवरचा पहिला सर्वांना ठाऊक असलेला प्राणी म्हणजे नोकियाचा साप. १९९७ साली ६११० या फोनवर टानेली आर्मांटो याने तो बसवला. आमच्या गोव्यातही कदंबा बसमध्ये बसून अंगठ्याने हा साप वळवणारी मंडळी पुष्कळ होती. पण त्या सापावर कोणी जीव लावला नाही. काळ्या ठिपक्यांची ती एक रांग. मेला तर मेला, पुन्हा सुरू. जीव लावायला लावणारे यंत्र त्याच्या एक वर्ष आधी जपानमध्ये आले होते आणि ते फोन नव्हतेच.

२३ नोव्हेंबर १९९६ रोजी बान्दाई कंपनीने ‘तामागोत्ची’ बाजारात आणले. अंड्याच्या आकाराचे, साखळीला लटकवता येणारे प्लास्टिकचे खेळणे, तीन बटणे आणि एवढासा पडदा. कल्पना अकिहिरो योकोई यांची, तिला बाजारात उभे केले ते बान्दाईच्या अकी माइता यांनी. तोक्योतल्या शिबुया भागात शाळकरी मुलींच्या हातात नमुने देऊन रंग, आकार, चेहरा ठरवला गेला. तेव्हाचे विजेरी खेळ मुलग्यांसाठी असायचे. हा खेळ मुलींपुढे धरला, यात अर्धा विजय होता. किंमत १,९८० येन. थोड्याच काळात जगभर चार कोटींच्या आसपास तामागोत्ची खपली.

त्यातली मेख मला अजून थक्क करते. पडद्यावरचे पिल्लू भूक लागली की पिक्‌पिक्‌ करून बोलावते. खायला घाला, घाण काढा, आजारी पडले तर औषध द्या, दिवा मालवा. नाही केले तर ते मरते. आणि या पहिल्या यंत्राला थांबवण्याची नीट सोयच नव्हती! शाळेत गणिताच्या तासाला पिल्लू उपाशी मरणार म्हणून मुले यंत्र दप्तरात लपवून नेऊ लागली, शाळांनी बंदी घातली, तर ती कामावर जाणाऱ्या आयांच्या पर्समध्ये गेली. १९९७ मध्ये माइता आणि योकोई यांना अर्थशास्त्राचे ‘इग नोबेल’, म्हणजे थट्टेचे नोबेल, मिळाले. कारण काय, तर माणसांच्या कामाचे लाखो तास आभासी जनावरे पाळण्याकडे वळवल्याबद्दल. थट्टा खरी, पण त्यात एक नवा व्यापारी शोध नेमका पकडलेला होता. टेडी बेअर विकून दुकानदाराचे काम संपत होते. तामागोत्चीने मात्र गोंडसपणाला घड्याळ बांधले. पिल्लू बोलावणार आणि तुम्ही जाणार.

बान्दाईला मात्र त्याचा पुरता लाभ झाला नाही. लाट ओसरली तेव्हा कारखाने अजून अंडी घालतच होते, आणि न खपलेल्या मालापायी मोठा तोटा सोसावा लागला. प्लास्टिकचे अंडे एकदाच विकता येते. पुढच्या दहा-बारा वर्षांत नेमकी हीच अडचण दूर झाली.

जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडले. फिनलंडमध्ये त्या वेळी रोव्हिओ नावाची एक कंपनी गटांगळ्या खात होती. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या तीन मित्रांनी २००३ साली ती काढली, ५१ खेळ केले, त्यातले बरेचसे दुसऱ्यांसाठी. माणसे पन्नासवरून बारावर आली होती. २००९ च्या मार्चमध्ये याको इसालो या चित्रकाराने एक चित्र सहकाऱ्यांपुढे ठेवले. गोल गोल पक्षी, पाय नाहीत, पंख नाहीत, जाड भुवया, आणि चेहऱ्यावर राग. खेळ काय हे कोणालाच माहीत नव्हते, पण पक्षी सर्वांना आवडले. म्हणजे आधी चेहरा आणि मग खेळ! शत्रू म्हणून हिरवी डुकरे आली, कारण ते वर्ष स्वाइन फ्लूचे होते. त्या वर्षी आपल्याकडे पुण्यात लोक तोंडाला फडकी बांधून फिरत होते, आणि तिकडे तोच रोग एका खेळातला खलनायक पुरवत होता.

कंपनीच्या निकलस हेडच्या आईने हा खेळ खेळता खेळता नाताळची टर्की करपवली. ही बाई कधीच खेळ खेळत नसे. तेव्हा त्याला वाटले, जमले! असे त्यानेच पुढे सांगितले आहे. कोणत्याही बाजार-पाहणीपेक्षा करपलेली टर्की मला अधिक भरवशाची वाटते.

‘अँग्री बर्ड्‌स’ डिसेंबर २००९ मध्ये आला आणि इंग्लंड-अमेरिकेत पडून राहिला. मग त्यांनी जे केले ते लहान गावच्या दुकानदाराने लक्षात ठेवावे असे आहे. मोठ्या बाजाराच्या दारावर डोके न आपटता ते छोट्या देशांत गेले. फिनलंडमध्ये जेमतेम काही शे प्रती खपल्या की यादीत पहिला नंबर मिळत असे, तो मिळवला. मग स्वीडन, डेन्मार्क, ग्रीस. हे पहिले नंबर हातात घेऊन चिलिंगो या प्रकाशक कंपनीमार्फत त्यांनी ॲपलचे दार ठोठावले. फेब्रुवारी २०१० मध्ये ब्रिटनच्या दुकानात पहिल्या पानावर त्यांना जागा मिळाली. त्याच बेताने यूट्यूबवर चित्रफीत टाकली, फुकटचा छोटा नमुना ठेवला, नवे टप्पे जोडले. सहाशेच्या आसपास रेंगाळणारा खेळ पहिला झाला. मे २०१२ पर्यंत या मालिकेच्या शंभर कोटी प्रती फोनांवर उतरल्या होत्या. पुढे टी-शर्ट, दप्तरे, २०१६ मध्ये सिनेमा. फोंड्याच्या बाजारात लटकणाऱ्या लाल पक्ष्यांच्या दप्तरांतली किती कंपनीची आणि किती नकली, हे मात्र देवालाच ठाऊक!

पण खरी उलथापालथ दुसरीकडे झाली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलने फुकट खेळांनाही आतल्या आत वस्तू विकायची मुभा दिली. दुकानात शिरायला पैसे नाहीत, आत गेल्यावर मात्र खाऊ, टोप्या, नाणी सगळे विकत. बान्दाईची अडचण सुटली. एकच अंडे आता रोज विकता येऊ लागले.

त्याचे काय झाले, ते अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कागदपत्रांत नोंदलेले आहे. जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने मुलांनी पालकांना न विचारता केलेल्या खरेदीपोटी किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत द्यायचे कबूल केले. एकदा परवलीचा शब्द टाकला की पंधरा मिनिटे पुन्हा विचारले जात नसे, आणि पालकांना ते सांगितलेले नसे. त्यातल्या एका आईची तक्रार होती की मुलीने ‘टॅप पेट हॉटेल’ या खेळात २,६०० डॉलर घालवले. खेळ कसला, तर पाळीव जनावरांसाठी हॉटेल चालवायचे. त्या मुलीला चैन करायची नव्हती हो. कुत्र्या-मांजरांची सोय बघायची होती. तिच्या चांगुलपणाचेच बिल आले.

२०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी लहान मुलांची १३५ ॲप्स तपासली. त्यातल्या ९५ टक्के ॲप्समध्ये कुठल्या ना कुठल्या प्रकारची जाहिरात सापडली. डॉक्टर-डॉक्टर खेळण्याच्या एका ॲपमध्ये विकत घ्यायला नकार दिला की पडद्यावरचे पात्र चक्क रडू लागे. लोरेन्झने सांगितलेली वृत्ती इथे वसुलीला लावलेली आहे. तीन वर्षांच्या पोराला अपराधी वाटायला लावून पैसे काढणे याला मी विक्रीकला म्हणणार नाही.

सगळेच तसे नाहीत, हेही सांगायला हवे. ऑस्ट्रेलियातल्या मॅट हॉल आणि अँडी सम यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘क्रॉसी रोड’ काढला. चौकोनी कोंबडीला रस्ता ओलांडून द्यायचा. जाहिरात बघायची की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. बघितली तर नाणी, नाही बघितली तरी खेळ अडत नाही. तीन महिन्यांत एक कोटी डॉलर मिळाले, त्यातले तीस लाख अशा स्वेच्छेने पाहिलेल्या जाहिरातींचे. जपानचा ‘नेको आत्सुमे’ही त्याच वर्षीचा. अंगणात खाऊ ठेवायचा आणि मांजरे येण्याची वाट बघायची. मरत कोणीच नाही. तामागोत्चीच्या अगदी उलट. खेळ फक्त जपानी भाषेत होता, तरी परदेशी लोक मांजरांची चित्रे एकमेकांना पाठवत राहिले, आणि तीच त्याची जाहिरात झाली. इंग्रजी आवृत्ती वर्षभराने, ऑक्टोबर २०१५ मध्ये आली. त्याच कंपनीचा प्रवासी बेडूक २०१८ च्या जानेवारीत चीनमध्ये असाच गाजला. मनाला येईल तेव्हा निघून जाणाऱ्या आणि कधीतरी फोटो धाडणाऱ्या त्या बेडकाला तिथल्या मुली ‘माझा बेडूकमुलगा’ म्हणत.

भाषेवरून आठवले. स्लोव्हेनियाच्या आउटफिट७ कंपनीचा बोलका बोका टॉम २०१० चा. तुम्ही जे बोलाल ते चिरक्या आवाजात परत म्हणणारा. त्याला भाषांतराची गरजच नव्हती. आमच्या नात्यातल्या घरांत तो सकाळी मराठी आणि संध्याकाळी कोंकणी बोलत असे, राजभाषेचा वाद न घालता! हा बोका शिकवावा लागत नाही, चालीरीतीही त्याला आड येत नाहीत. गोंडस जनावरांचा धंदा जगभर इतक्या सहज पसरला याचे एक कारण हे. माणूस दाखवला की त्याचा रंग, पोशाख, देश विचारला जातो. मांजराला कोण विचारतो?

असो. अँग्री बर्ड्‌सचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. जुना खेळ २०१९ मध्ये दुकानांतून गेला. चाहत्यांनी ओरड केली, म्हणून मार्च २०२२ मध्ये रोव्हिओने तो नव्याने बांधून परत आणला. एकदाच थोडे पैसे भरा, आत जाहिरात नाही, खरेदी नाही. लोकांनी तो घेतला, मनापासून घेतला. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने अँड्रॉइडच्या दुकानातून तो काढून टाकला, ॲपलच्या दुकानात त्याचे नाव बदलून ‘रेड्‌स फर्स्ट फ्लाइट’ केले. आपल्या इतर खेळांवर त्याचा परिणाम होतो, असे कारण कंपनीने स्वतःच दिले. इतर खेळ म्हणजे फुकट मिळणारे आणि आत गेल्यावर पैसे मागणारे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेगाने रोव्हिओ विकत घेतली.