सतरावी प्रतिज्ञा मोडणाऱ्याचे काय करायचे?

'दारू पिणारा बाबासाहेबांचा माणूसच नाही' हे वाक्य जयंतीच्या मंचावरून दरवर्षी ऐकू येते. टाळ्याही पडतात. पण ज्याला दारू सोडायची आहे आणि सुटत नाही, तो हे ऐकून विहाराची पायरी चढायचे बंद करतो. गुत्त्यावर त्याला कोणी जाब विचारत नाही, म्हणून तिथे जातो. आमचा या वाक्याला विरोध आहे आणि त्याचा आधार आपल्याच इतिहासात आहे.

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूंची हकीकत येते. त्यांनी एका विषारी नागाला वश केल्याची कीर्ती कौशांबीत पसरली. लोकांनी कौतुकाने घरोघरी मद्य दिले. सागत प्याले आणि नगराच्या वेशीपाशी कोसळले. तथागतांनी भिक्खूंना सांगून त्यांना उचलून विहारात आणवले. तिथे ते तथागतांकडेच पाय करून पडले, इतकी शुद्ध हरपली होती. या घटनेवरून मद्यपानाविरुद्ध नियम झाला. (नागाची गोष्ट कोणी शब्दशः घेऊ नये, नियम कसा आला ते पाहावे.)

हा नियम कोणत्या वर्गात घातला, हे फार महत्त्वाचे आहे. ज्या अपराधाने भिक्खू संघाबाहेर जातो ते पाराजिक, आणि ते चारच आहेत. मद्यपान त्यांत नाही. ते पाचित्तिय आहे, म्हणजे दुसऱ्या भिक्खूसमोर कबूल करून पुन्हा उभे राहायचे. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी संघ जमायचा, पातिमोक्खाचे पठण व्हायचे आणि दोष झालेल्याने तो लपवायचा नाही, असा दंडक होता. सागत संघातच राहिले. परंपरा त्यांना अर्हत मानते.

आता बाबासाहेब. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१च्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला स्पष्ट विरोध आहे. त्यात बुडणारा महसूल लोकांच्या उन्नतीच्या कामाला हवा होता. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दारू न पिण्याची सतरावी प्रतिज्ञा दिली. काहींना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. बंदी पोलीस लादतो, प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो आणि तीही आपल्या लोकांमध्ये उभे राहून. पुढे दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. ती प्रतिज्ञा रोजच्या जगण्यात सांभाळणारी व्यवस्था उभी करणे आपल्यावर राहिले. आपण विहार बांधले, पुतळे उभारले. प्रतिज्ञा मोडलेल्या माणसाने कुठे जावे, याचे उत्तर आपण तयार ठेवले नाही.

दारूचे राजकारण आपल्याला नवे नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी १८८० मध्ये वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. अमेरिकेत गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५च्या आत्मचरित्रात लिहिले आहे की सणाच्या सुटीत मालकच गुलामांना भरपूर दारू पाजत, म्हणजे त्यांना स्वातंत्र्याचीच किळस यावी.

त्याच अमेरिकेत, १९३५ साली, ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. दोघेही दारूने खचलेले. एका पिणाऱ्याने दुसऱ्याशी खरे बोलले की दोघेही आजचा दिवस न पिता काढू शकतात, हे त्यांना उमगले. यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली. फी नाही. सदस्यत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. पण गोऱ्यांच्या गटांत काळ्यांना बरोबरीने जागा नव्हती, म्हणून १९४५ मध्ये सेंट लुई आणि वॉशिंग्टन इथे काळ्यांनी आपले स्वतंत्र गट उभे केले. हे आपण नीट लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रातही या संघटनेच्या मराठी सभा भरतात. व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारले की जवळची सभा कळते. तिथे फक्त नाव सांगायचे, आडनाव नाही. आडनावावरून जात ओळखणाऱ्या या देशात ही लहान गोष्ट नव्हे.

कार्यकर्त्यांचा आक्षेप देवाला असतो. बारा पायऱ्यांत देव येतो, सभेत प्रार्थनाही होते. आक्षेप रास्त आहे. मात्र सुरुवातीच्या नास्तिक सदस्यांच्या आग्रहामुळेच 'आम्हाला समजला तसा देव' अशी सैल शब्दयोजना झाली, आणि अनेक सदस्य आपल्या गटालाच ती शक्ती मानतात. २०१९ पासून अमेरिकेत 'रिकव्हरी धर्मा' नावाचे बौद्ध गटही चालतात. प्रार्थनेला गप्प बसावे, आपली पाळी आली की बोलावे. त्याने एकही प्रतिज्ञा मोडत नाही.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग सभा. घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या वेगळ्या सभा असतात. मार खाणाऱ्या बाईला 'समजून घे' म्हणणे हा त्यांचा हेतू नाही. तिने आधी स्वतःला सांभाळायचे असते.

विहार समित्यांकडे आमची मागणी आहे: आठवड्यातली एक संध्याकाळ सभागृह अशा सभेला द्या. फलक नको, फोटो नको, अध्यक्षीय भाषण नको. किल्ली द्या आणि चटया अंथरून ठेवा.