म्हाळाच्या दिवसांतला संप

आज सोमवार, 2 ऑक्टोबर 1939. तुम्ही बदली कामगार आहात. म्हणजे रोज सकाळी डिलाईल रोडवरच्या गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं, आत किती जणांचा खाडा आहे याचा अंदाज घ्यायचा आणि जॉबरची नजर आपल्यावर पडावी म्हणून पुढे पुढे सरकायचं. कुणी तापानं फणफणला, कुणी गावाला गेला, तरच तुमचा दिवस भरतो. आज भोंगा झाला, फाटक सताड उघडं आहे, आणि आत जायला कुणीच नाही.

जॉबर स्वतः बाहेर आलाय. एरवी तो तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. आज खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "ये की रं. पायजे ते दोन साचे घे. पुढच्या महिन्यात कायम करून टाकतो तुला."

तुम्ही थबकता. या शब्दांची तुम्ही किती दिवस वाट बघत होतात! समोरच्या फुटपाथवर तुमच्याच खोलीतली माणसं उभी आहेत. तुम्हाला कुणी अडवत नाही, शिवी देत नाही. नुसती बघताहेत. तुम्ही जॉबरचा हात हळूच खाली काढता आणि रस्ता ओलांडता. आज मुंबईत सुमारे 90,000 कामगार संपावर आहेत, असं इतिहासात लिहिलं जाईल. पण बदल्याचा संप कुठल्या वहीत मांडणार? जे काम मिळालंच नव्हतं, ते त्यानं सोडलं.

आणि हा संप पगारासाठी नाही. बोनससाठी नाही, कुणाला कामावरून काढलं म्हणूनही नाही. तो युद्धाविरुद्ध आहे.

खोलीवर या. दहा बाय दहाची खोली, भिंतीला ओळीनं खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एकाचा संसार. एरवी रात्रपाळीवाले आले की दिवसपाळीवाल्यांच्या वळकट्या उचलल्या जातात. आज सगळेच घरी, त्यामुळे बसायला जागा नाही. सातारा जिल्ह्यातली, एकाच पंचक्रोशीतली माणसं. दारात आबा बसलेत. वय पन्नाशीचं, दिसतात सत्तरीचे. सूत कातायच्या त्रासन खात्यात कापसाची धूळ खाऊन खोकला कायमचा झालाय.

पितृपंधरवडा चालू आहे. गावाकडे म्हाळ घालायचे दिवस. आबांची अडचण वेगळीच आहे.

"थोरला भाऊ बसऱ्याला गेला त्यो गेलाच," ते सांगतात. "तिथी कुणी कळवली न्हाई. हत्यारानं गेला म्हणावं तर चतुर्दशीला घास टाकायचा. उपासानं गेला, का तापानं, का वाळवंटात चालून चालून, काय सांगावं? म्हणून सर्वपित्रीला टाकतो. ज्यांचं काहीच ठावं न्हाई, त्यांच्या पंगतीत."

बसऱ्याची लढाई म्हणजे पहिल्या महायुद्धातली मेसोपोटेमियाची मोहीम. पुण्याची सहावी डिव्हिजन तिथे गेली, मराठा पलटणी तिच्यात होत्या. टायग्रिसच्या काठी कूट नावाच्या गावात फौज कोंडली गेली. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 वेढा पडला, घोड्यांचं मांस खायची वेळ आली आणि 29 एप्रिलला सुमारे 13,000 जण शरण गेले. त्यातले कितीतरी पुढच्या पायपिटीत आणि कैदेत संपले. या शिपायांचं मेसोपोटेमियाशी भांडण काय होतं? दीड एकर जिराईत, सावकाराचा कागद, आणि घरात तीन भाऊ. एक जमिनीशी राहिला, एक पलटणीत गेला, एक गिरणीत आला. गिरणगावात कामगार, शेतकरी आणि शिपाई असे तीन वर्ग करायला जाल तर फसाल. एकाच आईची ती तीन पोरं असतात.

आता पुन्हा भरती सुरू होणार. 3 सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर करून टाकलं. त्याच महिन्यात वाण्यानं धान्याचे भाव चढवले. कोठारं तीच, पण माल दिसेनासा झाला. खानावळवाल्या मावशींनी ताटातली आमटी पातळ केलीये आणि वर त्यांनाच कुणी बोलू नये म्हणून आवाज चढवून ठेवलाय. "मला काय शौक हाय व्हय? लढाई तिकडं आन् भाव हिकडं." गेल्या लढाईतही हेच झालं होतं. गिरणीमालकांनी पैसा ओढला, धान्य महागलं, आणि जानेवारी 1919 मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार रस्त्यावर आले. आबा त्यात होते. म्हणून खाकी कापडाची मागणी येणार, काम वाढणार, बदल्यांनाही रोज पाळी मिळणार असं कुणी म्हटलं की ते फक्त खोकतात.

दुपारनंतर परळच्या कामगार मैदानाकडे माणसांचे लोंढे निघतात. ऑक्टोबरचं ऊन अंगावर काटेरी बसतंय. बाजूनं पोलीस उभे आहेत, आणि त्यांचा कारभार सध्या बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाकडे आहे. ते महिनाभरात राजीनामा देईल, याच युद्धावरून. आज गांधीजींचा जन्मदिवस आहे, पण मैदानावर त्याची चर्चा कमी. लाल बावटे जास्त.

ठराव वाचला जातो. साम्राज्यवादी सत्तांनी जगातल्या जनतेला सर्वनाशी युद्धात ओढलंय; आम्ही जगभरच्या कामगारांच्या आणि जनतेच्या बरोबर आहोत; हे युद्ध म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय एकजुटीला आव्हान आहे; हा डाव हाणून पाडणं हे देशोदेशीच्या कामगारांचं काम आहे. असा आशय. तुमच्या शेजारचा माणूस 'आंतरराष्ट्रीय' शब्दाला अडखळत नाही. त्यानं ब्रॅडलेला पाहिलंय.

बेन ब्रॅडले, इंग्रज इंजिनीअरिंग कामगार. 1928 च्या गिरण्यांच्या सहा महिन्यांच्या संपात आणि त्यानंतर तो गिरणी कामगारांत वावरला. मार्च 1929 मध्ये त्याला उचललं आणि मीरतच्या खटल्यात डांगे, मिरजकर, निंबकर या कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. त्याच पिंजऱ्यात अर्जुन आळवे आणि गोविंद कासले हे साधे गिरणी कामगारही होते. 1933 पर्यंत खटला रखडला. गोऱ्या राजाविरुद्ध कट केला म्हणून गोराच तुरुंगात जातो, हे ज्यानं बघितलंय त्याला परदेशातला कामगार म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. गेल्या वर्षी 1 सप्टेंबरला तर उलट दिशेनं माणसं गेली. चीनमधल्या जखमींसाठी पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीनं निघालं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे चोळकर. आज तुम्ही इथे उभे आहात तेव्हा कोटणीस चीनमध्ये आहेत.

आता तुम्हाला एक गोष्ट टोचते, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. पंधराच दिवसांपूर्वी, 17 सप्टेंबरला, सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या. ऑगस्टमध्ये मॉस्को आणि बर्लिन यांचा करार झालाय. व्यासपीठावरून साम्राज्यवादाला इतक्या शिव्या बसतात, पण त्यांत पोलिश शेतकऱ्याचं नाव काही येत नाही. मला विचाराल तर या सभेतलं सगळ्यात खरं भान खाली बसलेल्यांकडे आहे, वर बोलणाऱ्यांकडे नाही. खालच्यांना बसरा ठाऊक आहे.

पण खाली बसलेल्यांकडेही बघा, नीट. मैदानाच्या एका अंगाला बी.डी.डी. चाळींतली बरीच मंडळी बसलीयेत. महार, कोकणातले, साताऱ्याकडचे. गेल्या वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या कायद्याविरुद्ध बाबासाहेब आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र आले होते, तेव्हा याच मैदानावर हीच माणसं होती. ही त्रासन खात्यात चालतात. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, चालत नाहीत. का? धोट्यात नवी कांडी बसवली की धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावा लागतो. एकाच्या ओठांचा धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागतो. एवढ्यासाठी जास्त पगाराचं खातं अस्पृश्यांना बंद. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. त्याला अकरा वर्षं झाली. हात वर करून जगातल्या कामगारांना साथ देणारा साचेवाला उद्या सकाळी त्याच धोट्यावर जाईल, आणि त्याला यात विसंगत काही वाटणार नाही. जग लांब आहे म्हणून सोपं आहे. त्रासन खातं शेजारी आहे.

तरीही हात वर होतात, सगळ्यांचेच. तुमचाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मार्च 1940 मध्ये महागाई भत्त्यासाठी सार्वत्रिक संप होईल, दीड लाखाहून अधिक गिरणी कामगार उतरतील, पुढारी तुरुंगात जातील, 10 तारखेला गिरणीबाहेरचेही कामगार एक दिवस साथीला बंद पाळतील आणि चाळीसेक दिवसांनी संप मोडेल. जून 1941 मध्ये हिटलर रशियावर चाल करून जाईल, मग हेच कम्युनिस्ट पुढारी याच युद्धाला लोकयुद्ध म्हणतील आणि उत्पादन थांबवू नका असं सांगतील. ऑगस्ट 1942 मध्ये गावाकडचा तुमचा चुलतभाऊ भूमिगतांना भाकरी पोचवत असेल तेव्हा तुम्ही गिरणीत खाकी विणत असाल. अण्णाभाऊ साठे स्टालिनग्राडचा पोवाडा रचतील आणि तो ऐकताना तुमच्या अंगावर खरोखरच रोमांच येतील. यातलं कोणतं बरोबर, याचा निकाल फाटकाशी उभ्या बदल्याला देता येत नाही. त्याला एवढंच कळतं की आजचा रोज बुडाला, आणि तो त्यानं स्वतः बुडवला.

सभा सुटते. गर्दीत आबांचा हात धरून तुम्ही पोयबावडीच्या बाजूनं चालताय. ते मध्येच थांबतात, खोकल्याची उबळ जाऊ देतात.

"इंग्लंड-फ्रान्सातल्या गिरणीवाल्यांनीबी आज खाडा केला आसंल न्हवं?"

खोटं बोलावंसं वाटतं. "नाही, आबा. तिकडं कुणी केला नाही."

"का?"

"त्यांना कळलं नसेल."

आबा विचार करतात. मग कोपरीच्या खिशात हात घालून सुटे पैसे चाचपतात.

"मग कळवाया नगो का? इलायतेला तार कराया किती पडत्यात?"