सुसंगती, कथाविश्वाची

कल्पित जगाला एकदा घालून दिलेले नियम कथा संपेपर्यंत पाळणे. राक्षस असो, उडती सतरंजी असो, ऐकणारा खुशाल मान्य करतो. नियम मध्येच बदलला की मात्र त्याचे मन कथेतून उठते. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ च्या व्याख्यानात अशा जगाला दुय्यम विश्व म्हटले. मराठी विज्ञानकथेत जयंत नारळीकरांनी हे पथ्य विज्ञानाच्या नियमांशी बांधून घेतले.

लोककथेतला उत्तम नमुना बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचा. लोणासुर जमिनीखालच्या बिळात राहतो, वर झाकण. बीळ कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही, आणि हा नियम देवालाही लागू. म्हणून विष्णू देखण्या तरुणाचे रूप घेतो, असुराच्या दोन बहिणींना भुलवतो आणि त्यांच्याकडून जागा काढून घेतो. मग पायाच्या अंगठ्याने झाकण उडवून असुराला मारतो. विष्णूला सर्वज्ञ ठरवून हे दोन ओळींत उरकता आले असते, पण मग कथाच उरली नसती.

उडालेल्या झाकणाचाही हिशेब आहे: धाकेफळजवळची शंकूसारखी टेकडी म्हणजे ते झाकण. बीळ म्हणजे लोणारचे सरोवर, पाणी म्हणजे असुराचे रक्त, पाण्यातला खार म्हणजे त्याचे कुजलेले मांस. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात विष्णूची मूर्ती लोणासुरावर उभी आहे.

रामायणातला लवणासुर वेगळा. तो मधुवनातला, त्याच्या हाती शिवाचा शूल आणि त्याला मारणारा शत्रुघ्न. नाव सारखे म्हणून दोघांना एक केले, तर शूल आणि झाकण एका कथेत बसत नाहीत. सांगणाऱ्यांनी हे भान ठेवावे.

भूविज्ञानाच्या दृष्टीने लोणार हे बेसाल्ट खडकातले, सुमारे १.८ किमी व्यासाचे उल्काघाती विवर. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. अभ्यासकांनी त्याचे कारण खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत दाखवले. कथेला मात्र नवा नियम जोडावा लागला नाही. पाण्याला तिने आधीपासूनच रक्त म्हटलेले होते.