स्लाय कूपर म्हणजे काय? चोर रकूनच्या गेम मालिकेची संपूर्ण माहिती

हल्ली रील्समध्ये किंवा यूट्यूब शॉर्ट्समध्ये तुम्ही एक निळी टोपी घातलेला, हातात आकडीची काठी घेतलेला प्राणी छपरांवरून उड्या मारताना पाहिला असेल. खाली कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न असतो: "भाई, हा गेम मोबाईलवर मिळेल का?" त्या प्राण्याचं नाव स्लाय कूपर. आजच्या लेखात आपण ही गेम मालिका काय आहे, ती चालते कशी, ती अर्धवट का राहिली आणि आज भारतात ती कुठे खेळता येते, हे सगळं पाहणार आहोत. मोबाईलचा मुद्दा शेवटी आहे, पण तो नक्की वाचा. त्यात तुमचे पैसे वाचू शकतात.

स्लाय कूपर म्हणजे नेमकं काय?

स्लाय कूपर ही सोनीच्या प्लेस्टेशनसाठी बनलेली गेम मालिका आहे. पहिला गेम २००२ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. बनवणारी कंपनी होती सकर पंच प्रॉडक्शन्स. हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला स्टुडिओ, १९९७ मध्ये सुरू झालेला. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हे नाव तुम्ही ऐकलं असेल, तो गेमही त्यांचाच.

गेमचा हिरो रकून आहे. रकून हा उत्तर अमेरिकेतला प्राणी, साधारण मोठ्या मांजराएवढा. त्याच्या डोळ्यांभोवती काळा पट्टा असतो, जणू चोराने मुखवटा बांधलाय. तिकडे तो रात्री कचऱ्याचे डबे उघडून खाणं पळवतो, त्यामुळे त्याची ओळखच चोर अशी आहे. म्हणून चोराच्या गोष्टीला हा प्राणी अगदी फिट बसतो.

गोष्ट काय आहे?

कूपर हे पिढ्यान् पिढ्या चोरांचं घराणं. प्रत्येक पिढीने आपल्या युक्त्या एका पुस्तकात लिहून ठेवल्या, त्या पुस्तकाचं नाव 'थीव्हियस रकूनस'. पण या घराण्याचा एक नियम आहे: साध्या माणसाला लुटायचं नाही, चोरी करायची ती बड्या चोरांकडेच. आपल्याकडे 'चोरावर मोर' म्हणतात ना, अगदी तेच.

स्लाय लहान असताना पाच गुन्हेगारांची टोळी घरात घुसते, त्याच्या वडिलांना मारते आणि पुस्तक फाडून पानं आपापसात वाटून घेते. स्लाय अनाथाश्रमात जातो. तिथे त्याला दोन मित्र भेटतात: बेंटली नावाचं हुशार कासव आणि मरे नावाचा पाणघोडा. बेंटली डोकं चालवतो, मरे ताकद आणि गाडी सांभाळतो, स्लाय प्रत्यक्ष चोरी करतो. मोठे झाल्यावर तिघं मिळून ती पानं परत मिळवायला निघतात. त्यांच्या मागावर असते इंटरपोलची इन्स्पेक्टर कारमेलिटा फॉक्स. ती कोल्हीण आहे, तिच्या हातात विजेचा झटका देणारी पिस्तूल असते. ती स्लायला पकडायला बघते आणि स्लाय तिच्यावर लाइन मारत निसटतो.

स्टेल्थ प्लॅटफॉर्मर म्हणजे काय?

हे दोन शब्द वेगवेगळे समजून घेऊ.

प्लॅटफॉर्मर म्हणजे उड्या मारत, चढत, लटकत पुढे जायचा गेम. मारिओ हे सगळ्यात ओळखीचं उदाहरण. स्टेल्थ म्हणजे शत्रूला पत्ता न लागू देता, चोरपावलांनी काम उरकणं. स्लाय कूपरमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. खाली बॅटरी घेऊन गार्ड फिरतोय, वर तुम्ही दोरीवरून चालताय, आणि त्याचा प्रकाश तुमच्यावर पडता कामा नये.

हे गेममध्ये कसं जमवलंय, ते पाहा:

- गार्डची नजर: गार्ड ठरलेल्या वाटेवर फिरतो. त्याच्या समोरच्या भागात तुम्ही आलात तरच तो तुम्हाला पाहतो. म्हणून मागून जाणं, वरून जाणं हाच मार्ग.
- निळी चमक: जिथे लटकता, सरकता किंवा टोकावर उभं राहता येतं, तिथे निळसर चमक दिसते. जवळ जाऊन गोल बटण दाबलं की स्लाय अचूक तिथे पोहोचतो. नवख्या खेळाडूला 'आता कुठे जाऊ' हा प्रश्न फारसा पडत नाही.
- अलार्म: पहिल्या भागात लेझरला किंवा सर्चलाइटला धक्का लागला की भोंगा वाजतो. तो भोंगा फोडला की अलार्म बंद.
- नाल: पहिल्या भागात एक फटका बसला की खेळ खल्लास. पण १०० नाणी गोळा केली की घोड्याची नाल मिळते आणि ती एक फटका झेलते.
- बाटल्या आणि तिजोरी: लेव्हलमध्ये चिठ्ठ्या असलेल्या बाटल्या लपवलेल्या असतात. सगळ्या सापडल्या की बेंटली तिजोरीचा नंबर काढतो. तिजोरीत पुस्तकाचं पान आणि त्यावर एखादी नवी युक्ती.

मला यातली शेवटची गोष्ट फार आवडते. वाडवडिलांची विद्या परत मिळवणं ही कथा आहे, आणि खेळतानाही तुम्ही तेच करत असता.

तो कार्टूनसारखा दिसतो कसा?

याला सेल शेडिंग म्हणतात. नेहमीच्या थ्रीडी गेममध्ये उजेडाकडून सावलीकडे रंग हळूहळू गडद होत जातो. सेल शेडिंगमध्ये कॉम्प्युटरला सांगितलं जातं की मधल्या छटा गाळ, दोन-तीन ठळक पायऱ्याच ठेव. शिवाय आकृतीच्या कडेला काळी रेघ येते. परिणाम असा की थ्रीडी मॉडेलही हाताने काढलेल्या चित्रासारखं दिसतं. याचा एक फायदा आज कळतो. २००२ मधले 'खरेखुरे' दिसणारे गेम आता जुनाट वाटतात, पण स्लाय अजूनही डोळ्याला छान वाटतो.

चार भाग, थोडक्यात

१. स्लाय कूपर अँड द थीव्हियस रकूनस (२००२): पाच गुन्हेगार, पाच जागा. बेडूक, बुलडॉग, मगर, पांडा आणि शेवटी क्लॉकवर्क नावाचं यांत्रिक घुबड. कूपर घराण्याच्या द्वेषापायी या घुबडाने स्वतःचं शरीर यंत्राचं करून घेतलंय. युरोपात हा भाग 'स्लाय रकून' या नावाने विकला गेला.

२. स्लाय २: बँड ऑफ थीव्ह्ज (२००४): इथे मालिका मोठी झाली. सरळ रेषेतल्या लेव्हल्स गेल्या, त्यांच्या जागी मोकळं शहर आलं. बेंटली आणि मरे यांनाही आपण चालवतो. आधी फोटो काढायचे, गार्डच्या खिशातून चावी मारायची, एखाद्याचा पाठलाग करायचा. अशी छोटी कामं झाली की बेंटली स्लाइड दाखवून मोठ्या दरोड्याचा प्लॅन सांगतो.

३. स्लाय ३: ऑनर अमंग थीव्ह्ज (२००५): दुसऱ्या भागाच्या शेवटी बेंटलीचे पाय निकामी होतात. तिसऱ्या भागात तो व्हीलचेअरवर आहे आणि त्या खुर्चीतच त्याने नवी हत्यारं बसवलीत. अपराधी वाटून मरे टोळी सोडून गेलेला असतो, त्याला परत आणावं लागतं. कूपर घराण्याची तिजोरी उघडायला आणखी लोक जोडायचे, ही याची कथा. या गेमच्या काही लेव्हल्स लाल-निळा चष्मा लावून थ्रीडीत खेळता यायच्या.

४. स्लाय कूपर: थीव्ह्ज इन टाइम (२०१३): हा भाग प्लेस्टेशन ३ आणि व्हीटावर आला. बनवणारे वेगळे, सांझारू गेम्स. २०१० मध्ये पहिले तीन भाग एचडीत आणण्याचं कामही त्यांनीच केलं होतं. इथे टोळी काळात मागे जाते आणि स्लायचे पूर्वज स्वतः भेटतात: जपानमधला रिओइची, अमेरिकेच्या वाइल्ड वेस्टमधला टेनेसी किड, हिमयुगातला बॉब वगैरे.

भारत या गेममध्ये आहे!

दुसऱ्या भागातली दोन प्रकरणं भारतात घडतात. खलनायक आहे राजन नावाचा वाघ. तो कोलकात्याच्या गरिबीतून वर येऊन बेकायदा मसाल्याचा धंदा करणारा डॉन झालाय. (हा मसाला म्हणजे आपला गोडा मसाला नव्हे. गेममध्ये तो नशेच्या पदार्थासारखा वापरलाय.) राजनच्या महालात मोठी पार्टी असते. स्लाय सूटबूट घालून चक्क कारमेलिटासोबत नाचतो, सगळे पाहुणे तिकडे बघत राहतात आणि तेवढ्यात टोळी क्लॉकवर्कचे पंख लांबवते. पुढचं प्रकरण जंगलातल्या जुन्या मंदिराच्या अवशेषांत आहे.

खरं सांगू? यातला भारत पोस्टकार्डवरचा आहे: महाल, हत्ती, वाघ, जंगल. तरी माझ्या मते ती पार्टीची चोरी मालिकेतल्या सर्वात मजेदार मोहिमांपैकी एक आहे.

पुढचा भाग का येत नाही?

पुढच्या दोन ओळींत स्पॉयलर आहे. चौथ्या भागाच्या शेवटी स्लाय बेपत्ता होतो, आणि नंतर दिसतं की तो प्राचीन इजिप्तमध्ये अडकलाय. गोष्ट तिथेच थांबली. २०१३ पासून फॅन्स वाट पाहताहेत.

मधल्या काळात २०१४ मध्ये सिनेमाची घोषणा झाली, २०१७ मध्ये टीव्ही मालिकेची. दोन्ही आले नाहीत. २०२२ मध्ये सकर पंचने स्वतःच सांगितलं की स्लायचा नवा गेम त्यांच्याकडे किंवा दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत बनत नाहीये. तोपर्यंत ते 'घोस्ट'सारख्या खूप मोठ्या गेम्सकडे वळले होते. असा एकेक गेम बनवायला कित्येक वर्षं जातात, मग जुन्या मालिकेसाठी माणसं उरत नाहीत.

आज भारतात कुठे खेळता येईल?

- पीएस४ किंवा पीएस५ असेल तर: जून २०२४ मध्ये पहिला भाग या कन्सोलवर आला, त्याच वर्षी दुसराही आला. यात रिवाइंड आणि कधीही सेव्ह करायची सोय आहे. पीएस प्लसचा प्रीमियम प्लॅन भारतात नाही, आपल्याकडे डिलक्स आहे. क्लासिक गेम्स डिलक्समध्ये मिळतात.
- चौथा भाग: तो पीएस३ चा गेम. परदेशात प्रीमियमवाले असे गेम स्ट्रीम करतात, डिलक्समध्ये ती सोय नाही. म्हणजे जुना पीएस३ किंवा व्हीटा लागणार.
- मोबाईलच्या स्क्रीनवर: पीएस रिमोट प्ले हे सोनीचं अधिकृत ॲप आहे. गेम घरच्या पीएस४ किंवा पीएस५ वर चालतो, चित्र फोनवर दिसतं. कन्सोल नसेल तर ॲपचा उपयोग नाही.

मोबाईलसाठी एपीके? आधी हे वाचा

चार मुख्य भागांपैकी एकही अँड्रॉइडसाठी अधिकृतपणे आलेला नाही. त्यामुळे 'स्लाय कूपर मोबाईल एपीके' असं जे काही दिसेल ते खोटं समजा. ओळखायच्या खुणा:

- पीएस२ चा गेम डीव्हीडीवर यायचा. त्याचा '५० एमबी एपीके' कसा होईल?
- 'पीपीएसएसपीपीसाठी डाउनलोड करा' असं लिहिलं असेल तर सरळ थाप. ते ॲप पीएसपीचे गेम चालवतं आणि स्लाय पीएसपीवर कधी आलाच नाही.
- 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून सर्व्हे भरायला किंवा आणखी दोन ॲप टाकायला सांगणं.
- गेमला एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी लागणं. एसएमएस म्हणजे ओटीपी, आणि ओटीपी म्हणजे तुमचं बँक खातं.

पीएस२ इम्युलेटर हा प्रकार खरा आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. त्याला कन्सोलची बायोस फाइल आणि गेमची कॉपी लागते, आणि नेटवर फुकट वाटल्या जाणाऱ्या या दोन्ही गोष्टी कॉपीराइटचा भंग आहेत. शिवाय अँड्रॉइडवरच्या प्रसिद्ध एथरएसएक्स२ चं काम मूळ डेव्हलपरने २०२३ मध्ये थांबवलं. आता त्या नावाने कुठल्याही साइटवर काहीही मिळतं.

चुकून असं ॲप टाकलंच असेल तर आधी नेट बंद करा, ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. घरचे ओरडतील म्हणून गप्प बसू नका, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कुठून सुरुवात करू? पहिल्या भागापासून. तो लहान आहे, एका शनिवार-रविवारात संपतो, आणि दुसऱ्याची कथा त्यालाच जोडलेली आहे.

लहान भावाबहिणीला चालेल का? हो. मारामारी कार्टूनसारखी आहे, रक्तपात नाही.

सगळ्यात भारी भाग कोणता? माझं मत दुसरा. प्लॅन करून चोरी करण्याची मजा तिथेच पूर्ण जमून आली.

कन्सोल नाही, मग? यूट्यूबवर पूर्ण गेमप्ले आहेत. संपूर्ण गोष्ट सिनेमासारखी बघता येते, तीही फोनला धोका न पोहोचवता.

तर मित्रांनो, ही होती स्लाय कूपरची माहिती. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी एपीकेची लिंक टाकली असेल तर त्याला हा लेख नक्की पाठवा. आणि आणखी कुठल्या जुन्या गेमबद्दल वाचायला आवडेल, ते कमेंटमध्ये सांगा.