राखीव विद्युत उपकेंद्र

राखीव विद्युत उपकेंद्र म्हणजे एखाद्या संकुलाच्या मुख्य विद्युत उपकेंद्राचा पुरवठा खंडित झाल्यास त्याचा भार पूर्णतः किंवा अंशतः उचलता यावा, या हेतूने उभारलेले दुसरे आणि शक्य तितके स्वतंत्र उपकेंद्र होय. सचिवालये, संसद व विधिमंडळांच्या इमारती, संरक्षण मुख्यालये, सार्वजनिक रुग्णालये आणि शासकीय विदाकेंद्रे अशा संकुलांसाठी त्याचे नियोजन केले जाते. या व्याख्येतील 'स्वतंत्र' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. एकाच वाहिनीवर, एकाच खंदकातील केबलवर किंवा एकाच नियंत्रण-बॅटरीवर चालणारी दोन उपकेंद्रे कागदावर दोन असली, तरी बिघाडाच्या वेळी ती एकच ठरतात.

स्वरूप

राखीव उपकेंद्र, डिझेल जनित्र आणि अखंड वीजपुरवठा यंत्रणा (यूपीएस) या तिन्ही गोष्टी अनेकदा एकमेकींच्या पर्याय समजल्या जातात. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या काळासाठी आणि वेगवेगळ्या संकटांसाठी असतात. यूपीएस संगणक, दूरसंचार व शस्त्रक्रियागृहांसारख्या भारांना काही मिनिटांपुरता, परंतु क्षणाचाही खंड न पडता पुरवठा करते. डिझेल जनित्र सुमारे दहा ते पंधरा सेकंदांत भार घेऊ शकते आणि इंधन असेपर्यंत चालते. राखीव उपकेंद्र संकुलाचे दैनंदिन कामकाज, वातानुकूलन व उद्वाहनांसह, दिवसेंदिवस चालू ठेवू शकते. मात्र त्यासाठी बाहेरील ग्रिड जिवंत असावे लागते. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी भारतात झालेल्या ग्रिड-पतनासारख्या प्रसंगी दोन्ही उपकेंद्रे एकाच वेळी निर्जीव होतात आणि सारी भिस्त जनित्रांवर येते. म्हणून राखीव उपकेंद्र मंजूर झाले म्हणजे जनित्रांची संख्या कमी करता येईल, हा युक्तिवाद मर्यादित अर्थानेच खरा आहे.

भाराचा अंदाज

नियोजनाची सुरुवात भार-सर्वेक्षणाने होते. जोडलेला भार आणि कमाल मागणी यांत मोठे अंतर असते, कारण सर्व उपकरणे एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. उदाहरणादाखल, एखाद्या संकुलाचा जोडलेला भार ३० मेगावॉट आणि मागणी-गुणक ०.६ धरला, तर कमाल मागणी १८ मेगावॉट येते. शक्तिगुणक ०.९ असल्यास ती २० मेगाव्होल्ट-अँपिअर (एमव्हीए) होते. ३३ किलोव्होल्ट दाबावर हा प्रवाह सुमारे ३५० अँपिअर, तर ११ किलोव्होल्ट दाबावर सुमारे १,०५० अँपिअर असतो. प्रवेश-वाहिनीचा दाब ठरवण्यामागे हे गणित असते.

यानंतर भाराची प्रतवारी केली जाते. अग्निशमन पंप, धूर-निष्कासन, आणीबाणीची दिवाबत्ती व अग्निशमन उद्वाहने हा जीवितरक्षक भार पहिल्या वर्गात येतो. नियंत्रण कक्ष, विदाकेंद्र व त्याचे शीतन दुसऱ्या वर्गात, आणि उर्वरित सर्व भार तिसऱ्या वर्गात. विदाकेंद्राचे शीतन दुसऱ्या वर्गातून वगळण्याची चूक वारंवार होते. यूपीएसमुळे संगणक चालू राहतात, पण शीतनयंत्र बंद पडल्याने खोलीचे तापमान वेगाने चढते आणि अखेर संगणक स्वतःहून बंद होतात.

रोहित्रांची संख्या व क्षमता

कोणताही एक घटक बंद पडला तरी उरलेल्या घटकांनी संपूर्ण भार पेलावा, या निकषाला 'एन उणे एक' निकष म्हणतात. वरील उदाहरणात २५ एमव्हीएची दोन रोहित्रे बसवल्यास प्रत्येक रोहित्र नेहमीच्या काळात १० एमव्हीए, म्हणजे क्षमतेच्या ४० टक्के भार वाहते. एक रोहित्र निकामी झाल्यास दुसरे ८० टक्क्यांवर जाते. हा रिकामेपणा लेखापरीक्षणाच्या दृष्टीला अपव्यय वाटू शकतो, परंतु निकषाचे सारे मर्म त्यातच आहे. भविष्यातील इमारतींचा भार त्या मोकळ्या क्षमतेवर टाकला गेला की राखीव व्यवस्था केवळ नावापुरती उरते, आणि हे कोणत्याही एका निर्णयाने न होता वर्षानुवर्षांच्या छोट्या जोडण्यांनी होते.

दुसरा पर्याय १२.५ एमव्हीएच्या तीन रोहित्रांचा आहे. एक बंद पडल्यास उरलेली दोन २५ एमव्हीए देतात. एकूण स्थापित क्षमता ५० ऐवजी ३७.५ एमव्हीए पुरते, पण ब्रेकर, बसबार व जागा वाढते. बिघडलेले मोठे रोहित्र बदलण्यास अनेक महिने लागू शकतात, कारण ही यंत्रे मागणीनुसार तयार केली जातात. त्यामुळे बाजारात सहज मिळणाऱ्या प्रमाणित क्षमतेचे रोहित्र निवडणे हाही नियोजनाचाच भाग ठरतो.

दोन्ही रोहित्रे समांतर चालवावीत की नाही, हा प्रश्न लघुपरिपथ प्रवाहाशी निगडित आहे. १० टक्के अवबाधा असलेल्या २५ एमव्हीए रोहित्रातून ११ किलोव्होल्ट बाजूस, स्रोत अमर्याद मानल्यास, सुमारे १३.१ किलोअँपिअर दोषप्रवाह वाहू शकतो. दोन रोहित्रे समांतर असल्यास तो २६.२ किलोअँपिअर होतो, म्हणजे २५ किलोअँपिअर क्षमतेच्या स्विचगिअरची मर्यादा ओलांडतो. म्हणून सामान्यतः बसबारचे दोन भाग करून त्यांना जोडणारा बस-कपलर उघडा ठेवतात आणि एक स्रोत गेल्यावरच तो बंद करतात. दोन प्रवेश-ब्रेकर व एक बस-कपलर या तिघांपैकी एका वेळी दोनच लागू शकतील, अशी यांत्रिक व विद्युत इंटरलॉक व्यवस्था त्यासाठी करावी लागते.

भार-हस्तांतरण

एका स्रोतावरून दुसऱ्यावर भार हलवणे दिसते तितके सोपे नसते. दोन वेगळ्या उच्चदाब उपकेंद्रांतून आलेल्या पुरवठ्यांच्या कलांत फरक असू शकतो. पुरवठा गेल्यानंतरही मोठी मोटारयंत्रे फिरत राहिल्यामुळे बसबारवर काही काळ अवशिष्ट दाब राहतो. त्याच अवस्थेत नवा स्रोत विरुद्ध कलेने जोडला गेल्यास मोटारींच्या वेटोळ्यांवर व दांड्यांवर घातक ताण येतो. त्यामुळे एक तर काही चक्रांच्या आत, कलाभेद वाढण्यापूर्वी, जलद हस्तांतरण करतात किंवा अवशिष्ट दाब पुरेसा खाली येईपर्यंत थांबतात. दुसऱ्या पद्धतीत मोटारी पुन्हा टप्प्याटप्प्याने सुरू कराव्या लागतात. सर्व शीतनयंत्रे एकदम सुरू झाल्यास राखीव रोहित्रही अतिभाराने तुटण्याचा धोका असतो. बसबारवरच दोष असेल तर हस्तांतरण रोखणारी रिले-व्यवस्था अनिवार्य आहे, अन्यथा निरोगी स्रोतही त्याच दोषावर जोडला जाऊन संपूर्ण संकुल अंधारात जाते.

जागेची निवड

राखीव उपकेंद्राची जागा मुख्य उपकेंद्राला लागून असणे बांधकामाच्या सोयीचे असते, पण आग, पूर किंवा घातपात अशा समान कारणाने दोन्ही निकामी होऊ शकतात. शहरी संकुलांत जागेच्या टंचाईमुळे तळघराचा विचार पुढे येतो. पूरप्रवण शहरांत तो टाळावा, असे अनुभव सांगतो. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी चक्रीवादळाच्या लाटेने न्यूयॉर्कमधील ईस्ट थर्टीन्थ स्ट्रीट येथील उपकेंद्रात पाणी शिरले आणि खालच्या मॅनहॅटनचा मोठा भाग अंधारात गेला. त्याच रात्री बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयात एक वेगळाच दोष उघड झाला. तेथील जनित्रे तेराव्या मजल्यावर सुरक्षित होती, परंतु त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात होते आणि ते बुडाले. कर्मचारी व नॅशनल गार्डच्या जवानांनी जिन्यावर साखळी करून हातोहात डिझेल वर पोहोचवले. अखेर रुग्णालय रिकामे करावे लागले. महाराष्ट्रात २०१९ च्या कोल्हापूर-सांगली पुरात महावितरणची अनेक उपकेंद्रे पाण्याखाली गेली होती. जोत्याची उंची ठरवताना नोंदलेल्या सर्वोच्च पूरपातळीवर किती अंतर ठेवायचे, हा निर्णय म्हणूनच स्थापत्य व विद्युत अभियंत्यांनी एकत्र घ्यावयाचा असतो.

आगीचा विचारही तितकाच आवश्यक आहे. भारतातील सुरक्षाविषयक नियमांनुसार २,००० लिटरपेक्षा अधिक तेल असलेल्या रोहित्रांमध्ये अग्निरोधक भिंती व तेल शोषून घेणारे खड्डे करावे लागतात. इमारतीच्या आत तेलाऐवजी कोरड्या प्रकारची रोहित्रे वापरतात.

वॉशिंग्टन, २०१५

शासकीय संकुलांच्या संदर्भात ७ एप्रिल २०१५ रोजी अमेरिकेच्या राजधानीत घडलेली घटना विशेष उल्लेखनीय आहे. मेरीलँड राज्यातील राइसव्हिल येथे २३० किलोव्होल्ट यंत्रणेतील एक तडितरोधक निकामी झाला. संरक्षण-व्यवस्थेने तो दोष तत्काळ वेगळा न केल्यामुळे दोष ५८ सेकंद टिकून राहिला आणि परिसरातील दाब खाली गेला. कॅल्व्हर्ट क्लिफ्स अणुवीज केंद्राच्या दोन्ही अणुभट्ट्या बंद पडल्या. सुमारे ५३२ मेगावॉट भार तुटला. व्हाइट हाऊस, कॅपिटॉल आणि परराष्ट्र खात्यावर परिणाम झाला. परराष्ट्र खात्याची पत्रकार परिषद काही काळ अंधारात चालली.

या घटनेचा महत्त्वाचा भाग असा की तुटलेल्या भारापैकी बराचसा वीज कंपनीने तोडलेला नव्हता. ग्राहकांच्या स्वतःच्या स्वयंचलित यंत्रणांनी कमी दाब ओळखून भार राखीव स्रोतांकडे वळवला होता. यावरून नियोजकांपुढे दोन प्रश्न येतात. हस्तांतरणासाठी दाबाची मर्यादा व विलंब नेमका किती ठेवावा, हा पहिला. किरकोळ दाबघटीला प्रत्येक वेळी प्रतिसाद दिला तर यंत्रणा झिजते, आणि फार वाट पाहिली तर उपकरणे बंद पडतात. दुसरा प्रश्न भौगोलिक आहे. शहरातील दोन भिन्न उपकेंद्रांतून पुरवठा घेतला, तरी त्यांच्या मागील पारेषण-वाहिन्या दूरवर एकाच ठिकाणी मिळत असतील, तर स्वातंत्र्य अपुरे ठरते. त्यामुळे स्रोतांचा माग संकुलाच्या कुंपणापाशी न थांबवता पारेषण जालापर्यंत घ्यावा लागतो.

क्षमता असूनही अंधार

२० मार्च २०२५ च्या रात्री लंडनजवळील नॉर्थ हाइड या २७५ किलोव्होल्ट उपकेंद्रातील रोहित्राला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ बंद राहिला. हीथ्रो शासकीय संकुल नाही, परंतु त्याचा धडा थेट लागू पडतो. विमानतळाला तीन ठिकाणांहून वीज मिळत होती आणि उरलेल्या दोन ठिकाणी पुरेशी क्षमता होती. तरीही अंतर्गत जालाची फेरजोडणी करून यंत्रणा सुरक्षितपणे पुन्हा सुरू करण्यास अनेक तास लागले. चौकशीत आगीचे कारण रोहित्राच्या बुशिंगमध्ये शिरलेला ओलावा असल्याचे आढळले. ओलाव्याची लक्षणे २०१८ मध्येच तपासणीत दिसली होती. जोडणी बदलण्यास लागणारा वेळ हा क्षमतेइतकाच नियोजनाचा विषय आहे.

घातपाताच्या दृष्टीने १६ एप्रिल २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील मेटकाफ उपकेंद्रावर झालेला गोळीबार अभ्यासला जातो. हल्लेखोरांनी आधी दूरसंचार केबल कापल्या आणि नंतर १७ रोहित्रांच्या शीतन-भागांवर गोळ्या झाडल्या. तेल गळून रोहित्रे तापली व बंद पडली. तेव्हापासून जाळीच्या कुंपणाऐवजी दृष्टिरोधक भिंतींचा आग्रह वाढला.

भारतातील व महाराष्ट्रातील संदर्भ

भारतात अशा प्रकल्पांना विद्युत अधिनियम, २००३ आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा व वीजपुरवठाविषयक विनियम, २०२३ लागू होतात. उच्चदाब यंत्रणा प्रभारित करण्यापूर्वी विद्युत निरीक्षकाची मंजुरी लागते. महाराष्ट्रात शासकीय इमारतींच्या विद्युत कामांचे नियोजन बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाची विद्युत शाखा करते, तर पुरवठा महावितरणकडून आणि मुंबई शहरात प्रामुख्याने बेस्टकडून होतो. त्यामुळे दुसऱ्या स्रोताचा प्रश्न एकाच कार्यालयात सुटत नाही. वाहिनीचा मार्ग, रस्ता खोदण्याची परवानगी आणि राखीव मागणीचे शुल्क यांसाठी स्वतंत्र पत्रव्यवहार करावा लागतो, आणि प्रकल्पाचा बराचसा कालावधी त्यातच जातो.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर प्रदेशाचा वीजपुरवठा खंडित झाला. शहराला ग्रिडपासून वेगळे करून स्थानिक निर्मितीवर चालू ठेवणारी व्यवस्था त्या दिवशी टिकू शकली नाही. लोकल गाड्या थांबल्या आणि रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. अशा प्रसंगासाठी इंधनसाठ्याचे गणित उपयोगी पडते. एक लिटर डिझेलपासून साधारण चार युनिट वीज मिळते असे धरल्यास, ५ मेगावॉटचा अत्यावश्यक भार चोवीस तास चालवण्यासाठी सुमारे ३०,००० लिटर डिझेल लागते.

चाचणी व देखभाल

राखीव उपकेंद्र वर्षभर निष्क्रिय ठेवल्यास त्यातील दोष गरजेच्या क्षणीच उघड होतात. त्यामुळे अनेक ठिकाणी भार दोन्ही उपकेंद्रांत विभागून ती सतत चालू ठेवतात किंवा ठरावीक काळाने संपूर्ण भार आलटून पालटून फिरवतात. रोहित्रांच्या तेलातील विरघळलेल्या वायूंचे विश्लेषण, बुशिंगची तपासणी, रिलेंची चाचणी व भूसंपर्कनाच्या रोधाचे मापन नियमित केले जाते. ब्रेकर उघडण्यासाठी लागणारा ११० व्होल्ट एकदिश पुरवठा देणाऱ्या बॅटऱ्या दोन्ही उपकेंद्रांत स्वतंत्र असाव्या लागतात. ही बॅटरी मृत असेल, तर रिलेने दोष ओळखूनही ब्रेकर उघडत नाही. प्रत्यक्ष पुरवठा तोडून घेतलेली चाचणी सर्वांत विश्वसनीय असते, परंतु कार्यालयीन कामकाज थांबवण्यास संबंधित विभाग राजी नसल्याने ती पुढे ढकलली जाते. त्यामुळे सुट्टीच्या दिवसांतील चाचणीचे वेळापत्रक उपकेंद्र ताब्यात घेण्यापूर्वीच लेखी ठरवून घेण्याची पद्धत रूढ आहे.