न्यायमूर्ती दावर आणि लालबागचे सहा दिवस

वसंत व्याख्यानमालेची प्रथा महाराष्ट्रात ज्यांनी रुजविली, ते महादेव गोविंद रानडे हे पेशाने न्यायाधीश होते. १८७५ साली पुण्यात ही माला सुरू झाली, तेव्हा ते तेथे सबजज्ज होते. दिवसभर कोर्टात वादी-प्रतिवादींचे ऐकावे आणि संध्याकाळी नागरिकांनी एकत्र बसून ज्ञानाची चार वचने ऐकावीत अशी सोय करावी, असा त्यांचा क्रम. तेव्हा अशा मालेत न्यायाधीश-वकिलांच्या चरित्राचा विचार व्हावा, हे योग्यच आहे.

तथापि न्यायाधीशाचे चरित्र लिहिणे सोपे नाही. सेनापतीची लढाई दिसते, कवीचे काव्य हाती असते. न्यायाधीशाच्या मागे काय उरते? कोर्टाच्या दालनात एक तैलचित्र आणि निकालपत्रांच्या जाडजूड ग्रंथांत काही पाने. ती पाने वकिलाखेरीज कोणी उघडीत नाही. परंतु काही निकाल असे असतात, की ते कोर्टाच्या जिन्यावरून खाली उतरतात, रस्त्याने चालू लागतात आणि ज्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नाही अशा माणसांच्या आयुष्यात शिरतात. २२ जुलै १९०८ रोजी रात्री मुंबई हायकोर्टात लागलेला निकाल या जातीचा होता. तो फोर्टात लागला, पण त्याचा अर्थ दोन कोसांवरच्या लालबाग-परळात ठरला. निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती दिनशा धनजीभाई दावर यांची ही हकीगत आहे.

ही हकीगत सुरू होते ती मात्र अकरा वर्षे आधी. १८९७ च्या जुलै महिन्यात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईत पकडले. पुण्यास रँडसाहेबाचा वध होऊन एक महिनाच झाला होता. प्लेगच्या जुलमाने लोक चिडलेले आणि सरकारही बिथरलेले. टिळकांच्या बाजूने जामिनासाठी जे बॅरिस्टर उभे राहिले, तेच हे दावर. मॅजिस्ट्रेटने अर्ज फेटाळला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासमोर अर्ज गेला, तोही फेटाळला गेला. पुढे खटला सेशनकडे पाठविला गेल्यावर दावर पुन्हा उभे राहिले. या वेळी समोर होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी.

तय्यबजी हे मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष होते आणि १८९५ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्यांचे राजकारण नेमस्त. टिळकांच्या जहाल वळणाशी त्यांचा मेळ नव्हता. परंतु न्यायासनावर बसून त्यांनी प्रश्न विचारला तो साधा होता. जामीन कशासाठी? आरोपीने खटल्याच्या दिवशी हजर राहावे यासाठी. हा माणूस पळून जाईल असे कोणी म्हणते काय? तसे कोणी म्हणत नसेल, तर त्याला तुरुंगात ठेवायचे कशाला? महिनाभर त्याला कोंडले, बचावाची तयारी करू दिली नाही आणि शेवटी तो निर्दोष ठरला, तर त्या अन्यायाची भरपाई कोण करणार? असा विचार करून तय्यबजींनी जामीन मंजूर केला.

पुढे त्या खटल्यात टिळकांना शिक्षा झालीच. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रीती नसणे म्हणजेच अप्रीती, असा कायद्याचा अर्थ ज्युरीला समजावून सांगितला. सहा युरोपियन ज्युरर एका बाजूला आणि तीन हिंदी दुसऱ्या बाजूला, अशी फूट पडली आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. परंतु जामिनाबाबतचा तय्यबजींचा निर्णय कायद्याच्या ग्रंथांत राहिला, आणि तो मिळविणारे वकील म्हणून दावर यांचे नावही त्याला चिकटले.

आता १९०८ साल पाहा. मुझफ्फरपूरला ३० एप्रिलला बॉम्ब पडला, दोन इंग्रज स्त्रिया मृत्यू पावल्या. ‘केसरी’त त्यावर लेख आले. त्यांतील ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून २४ जूनला टिळकांना पकडले. या वेळी जामिनासाठी उभे राहिले ते तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना आणि न्यायासनावर होते न्यायमूर्ती दावर. जिनांनी आधार दाखविला तो तय्यबजींच्या निर्णयाचा, म्हणजे जो निर्णय खुद्द दावर यांनी युक्तिवाद करून मिळविला होता त्याचा! दावरसाहेबांनी अर्ज नामंजूर केला. या टप्प्यावर कारणांची चर्चा केली तर खटल्यावर परिणाम होईल, असे म्हणून त्यांनी सविस्तर कारणे देण्याचे टाळले.

येथे आपण थोडे थांबून विचार केला पाहिजे, कारण दावर यांना दोष देणे फार सोपे आहे आणि सोप्या गोष्टीबद्दल इतिहासाच्या अभ्यासकाने सावध असावे. वकील जे बोलतो ते अशिलाचे म्हणणे असते. ते त्याचे स्वतःचे मत असलेच पाहिजे असे नाही. उद्या न्यायाधीश झाल्यावर त्याने आपले जुने युक्तिवाद प्रमाण मानावेत असा नियम केला, तर न्यायदानच अशक्य होईल. शिवाय १९०८ ची परिस्थिती निराळी होती, बॉम्बचे युग सुरू झाले होते, असेही कोणी म्हणेल. हे सर्व मान्य करू. तरीही एक गोष्ट उरते. पूर्वीचा निर्णय चुकीचा वाटत असेल, तर तो का चुकीचा हे सांगणे न्यायाधीशाचे काम आहे. तय्यबजींनी आपला विचार उघड मांडला. दावर यांनी तो मिटून ठेवला. जो न्यायाधीश कारण सांगतो त्याच्याशी वाद घालता येतो. जो सांगत नाही त्याच्याविषयी लोक स्वतःच कारण शोधतात, आणि ते कारण बहुधा त्याच्या लौकिकाला बाधक असते.

त्यानंतर सरकारने खास ज्युरीची मागणी केली, तीही मंजूर झाली. खास ज्युरीच्या यादीत युरोपियनांचाच भरणा. शेवटी नऊ जण बसले, त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी. मराठीतील लेखांचा निवाडा करायचा आणि मराठी ही ज्यांची भाषा आहे असा ज्युरर एकही नाही, अशी ही व्यवस्था होती. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले. भाषांतर कसे चुकले, मूळ शब्दाचा भाव काय, मुद्रणस्वातंत्र्य म्हणजे काय, हे त्यांनी पदोपदी समजावून सांगितले. ज्युरीचा कौल आला तो सात विरुद्ध दोन. त्या दोघा पारशी गृहस्थांनी टिळकांना निर्दोष मानले. दावर पारशी म्हणून पारशी समाजाकडे बोट दाखविणाऱ्यांनी हे दोन ज्युरर विसरू नयेत.

कौल आल्यावर टिळक जे बोलले ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. ज्युरीने काहीही म्हटले तरी आपण निर्दोष आहोत आणि जगाचे नियमन करणारी याहून श्रेष्ठ शक्ती आहे, असा त्याचा आशय. दावरसाहेबांनी टिळकांची बुद्धी विकृत ठरविली, सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली, आणि तीसुद्धा लोक नको तितकी सौम्य म्हणतील असा अभिप्राय जोडला. रात्र झाली होती. त्याच रात्री टिळकांना खास गाडीने साबरमतीकडे नेण्यात आले, पुढे मंडाले.

आता आपण लालबागकडे येऊ. त्या काळी मुंबईत ऐंशीहून अधिक कापडगिरण्या होत्या आणि सुमारे एक लाख माणसे त्यांत राबत होती. रत्नागिरीहून, साताऱ्याच्या घाटावरून आलेला हा माणूस एका खोलीत दहा-बाराजणांनी राहणारा, खाणावळीत जेवणारा. त्याला युनियन नव्हती, संप लढविण्याचा फंड नव्हता, कायद्याचे संरक्षण नाममात्र होते. वर्तमानपत्र एकाने वाचावे आणि चाळीतल्या दहांनी ऐकावे, एवढेच त्याचे राजकीय शिक्षण. टिळकांनी मात्र या वस्तीकडे पाठ फिरविलेली नव्हती. स्वदेशी आणि दारूबंदीच्या चळवळीत त्यांनी चिंचपोकळीस कामगारांपुढे भाषणे केली होती. खटला चालू असतानाच काही गिरण्यांतील लोक बाहेर पडू लागले होते. २३ जुलैपासून मात्र गिरण्यांमागून गिरण्या बंद पडल्या. बाजार बंद झाले. लष्कर रस्त्यावर आले, दगडफेक झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. सहा दिवस असे गेले. वर्षाला एक दिवस, असा या सहा दिवसांचा अर्थ तेव्हापासून सांगितला जातो. दूर युरोपात परागंदा असलेल्या लेनिनने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या संपाची दखल घेऊन लेख लिहिला.

श्रोतेहो, या सहा दिवसांचे मर्म काय? मजुरी वाढावी म्हणून हा संप नव्हता. उलट सहा दिवसांची मजुरी बुडाली, आणि हातावर पोट असणाऱ्याला ते किती जड जाते हे लालबागकरांना सांगायला नको. या माणसांना राजद्रोहाचे कलम ठाऊक नव्हते, तय्यबजींचा निर्णय ठाऊक नव्हता. पण ज्याची भाषा ज्युरीला कळत नाही त्याचा न्याय कसा होणार, ही गोष्ट त्यांना कळत होती. त्यांनी आपल्या परीने अपील केले. प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता. होते ते आपले श्रम, आणि तेवढे त्यांनी सहा दिवस राखून ठेवले. त्या अपिलाने शिक्षा कमी झाली नाही. परंतु पुढील वीस वर्षांत गिरणगावात जी संघटना उभी राहिली, तिच्या आठवणीत हे सहा दिवस होते.

दावर यांना पुढे सर ही पदवी मिळाली. त्यानिमित्त वकीलमंडळींनी मेजवानी ठरविली, तेव्हा जिनांनी तिला जाण्याचे नाकारले. सरकारला हवे ते करून पदवी मिळविणाऱ्या न्यायाधीशाला मेजवानी देण्याची बारला लाज वाटली पाहिजे, असे त्यांनी कळविले. ही आठवण त्यांचे एकेकाळचे सहायक महंमद करीम छगला यांनी लिहून ठेवली आहे. दावर यांना अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की त्याच १९०८ सालच्या अखेरीस न्यायमूर्ती बीमन यांच्यासह त्यांनी पारशी पंचायतीच्या खटल्याचा निकाल दिला. पारशी कोणाला म्हणावे या प्रश्नावर तो निकाल आजही वाचला जातो. विद्वत्तेत आणि परिश्रमांत ते कमी नव्हते. परंतु लोकांच्या स्मरणात एकच रात्र राहिली.

टिळक १९१४ साली सुटून आले. १९१६ साली होमरूलच्या भाषणांबद्दल त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका मागण्यात आला. पुन्हा हायकोर्ट, पुन्हा जिना. या वेळी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी भाषणे समग्र वाचली, सुटे शब्द न उचलता एकंदर परिणाम पाहिला, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हुकूम रद्द केला. कायदा बव्हंशी तोच, आरोपी तोच, वकील तोच, इमारतही तीच. बदलली होती ती ऐकण्याची रीत.

यानंतर कायद्याची आणि गिरणगावाची गाठ वारंवार पडत गेली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानंतर हायकोर्टाचे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे कामगारांच्या सतरा मागण्यांची छाननी झाली. त्याच सुमारास परळच्या चाळीत राहणारे एक बॅरिस्टर सरकारी लॉ कॉलेजात कायदा शिकवीत होते. त्यांचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. तेथेच छगलाही शिकवीत. १९३५ साली आंबेडकर त्या कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि १९३८ साली औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध गिरणगावात जो संप झाला त्याच्या पुढाऱ्यांतही ते होते. संप करणे हा गुन्हा नव्हे, तो स्वातंत्र्याचाच एक भाग आहे, हे त्यांनी विधिमंडळात कायद्याच्या भाषेत मांडले. १९०८ साली मुक्याने केलेल्या अपिलाला तीस वर्षांनी असा वकील मिळाला.

स्वतंत्र भारतात छगला मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती झाले. १९५६ साली, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ज्या दालनात दावर यांनी शिक्षा सुनावली त्याच दालनाबाहेर टिळकांच्या त्या उद्गारांचा शिलालेख बसविण्यात आला, आणि छगलांनी त्याचे अनावरण केले. कोर्टाने आपल्या भिंतीवर आपल्याच निकालाविरुद्ध आरोपीचे शब्द कोरावेत, ही घटना लहान नाही. एका परीने ते लालबागच्या अपिलाचे उत्तरच होते. फक्त ते यायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली.

आज ज्युरी राहिलेली नाही. राजद्रोहाचे १२४-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवले, आणि १ जुलै २०२४ पासून जुना दंडविधानच जाऊन नवी न्यायसंहिता आली. देशाच्या सार्वभौमत्वास धोका आणणाऱ्या कृत्यांचे कलम तिच्यात आहे, आणि त्याची व्याप्ती किती यावर वाद चालूच आहे. लालबागच्या गिरण्यांची धुराडीही १९८२ च्या संपानंतर एकेक करून थंडावली आणि तेथे मनोरे उभे राहिले. परंतु जामिनाचा प्रश्न मात्र तय्यबजींनी विचारला तसाच आजही प्रत्येक कोर्टात रोज उभा राहतो. कच्च्या कैद्यांनी आपले तुरुंग भरलेले आहेत, आणि त्यांतील फार थोड्यांच्या मागे जिना किंवा दावर यांच्यासारखे बॅरिस्टर असतात.

म्हणून तय्यबजी आणि दावर या दोघांचीही चरित्रे आपण जपून ठेवावीत. एकाने आपल्या मताविरुद्धच्या माणसाचे म्हणणे ऐकून कारणासह निर्णय दिला. दुसऱ्याने आपण स्वतः मांडलेले म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून आले तेव्हा कारण न देता बाजूला सारले. न्यायाधीशाने लोकांना खूष करावे असे कोणी म्हणणार नाही; संपाच्या भीतीने निकाल फिरू लागले तर तोही न्याय नव्हे. लोकांचे मागणे एवढेच असते, की जे ठरविले ते का ठरविले हे आम्हांला समजेल असे सांगा. लालबागच्या कामगारांनी सहा दिवसांची मजुरी सोडून हेच मागितले होते, आणि ज्यांना उद्या कोर्टाची पायरी चढावी लागेल त्या आपणांपैकी प्रत्येकाचे मागणे याहून वेगळे असणार नाही.